हळवा कांदा, गरवा कांदा : चाळीत टिकणाऱ्या वाणाचा इतिहास

१/
मराठीत ‘चाळ’ या शब्दाचे दोन रहिवासी आहेत. काळाचौकीच्या चाळीत माणसे राहतात आणि निफाडच्या चाळीत कांदा राहतो. लांबट, अरुंद, खणाखणांची इमारत. दोन्ही बाजूंनी वारा खेळावा ही अपेक्षा आणि आतल्या गर्दीने नासू नये ही चिंता. आजचा धागा या दुसऱ्या रहिवाशाचा आहे. पावसाळाभर टिकणारा कांदा कोणी निवडला, कसा निवडला आणि त्या निवडीत गिरणगावाचा काय संबंध?

२/
प्रत्येक मुलखाला एक ऋतू भीतीचा असतो. युरोपात तो हिवाळा. म्हणून तिथल्या बागवानांनी नासपतीचे असे वाण जोपासले, की जे शरदात कडक असतानाच उतरवायचे आणि तळघरात ठेवायचे. बाहेर बर्फ असताना ते आत हळूहळू पिकतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बेल्जियममधील मेखेलेन येथे निपजलेली ‘विंटर नेलिस’ ही अशीच एक नासपती. आपल्याकडे भीतीचा ऋतू पावसाळा. आपल्या शेतकऱ्याने तोच प्रश्न कांद्याला विचारला : तू दिवाळीपर्यंत राहशील का?

३/
हा प्रश्न मला प्रथम ग्रंथालयात नव्हे, घरात भेटला. आमचे घर काळाचौकीतल्या एका चाळीत. आजोबा गिरणीत, आजी लोणंदजवळच्या एका गावची. दर मे महिन्यात दोन खरेद्या ठरलेल्या असत. लालबागच्या मसाला गल्लीतून मिरच्या आणि एक गोण कांदा. मिरच्यांसाठी आजी वेळ काढी, पण कांद्यासाठी ती भांडे. गोण उघडून, तळातले कांदे वर काढून पाहिल्याशिवाय पैसे देत नसे.

४/
दुकानदाराला तिचा पहिला प्रश्न भावाचा नसे. ती विचारी, “हळवा की गरवा?” शेतीशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी : हळवे म्हणजे लवकर तयार होणारे पीक, गरवे म्हणजे उशिरा येणारे. कोकणातल्या भातालाही हेच शब्द आहेत. पुणे-सातारा पट्ट्यात खरिपाचा कांदा हळवा आणि रब्बीचा गरवा. नाशिककडे हीच विभागणी तीन नावांनी होते : खरिपाचा पोळ, त्यामागून येणारा रांगडा आणि एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळ.

५/
या नावांत नुसता हंगाम नाही, आयुष्यही आहे. पोळ किंवा हळवा कांदा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतो. रंगाला गडद, चवीला झणझणीत, पण महिना-दीड महिन्यापलीकडे त्याचा भरवसा नसतो. रांगडा त्याहून थोडा बरा. उन्हाळ किंवा गरवा मात्र फिकट लाल, घट्ट आणि नीट ठेवला तर ५ ते ६ महिने राहणारा. देशाच्या एकूण उत्पादनात या रब्बी कांद्याचा वाटा निम्म्याहून बराच अधिक आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आपण जो कांदा खातो, तो मुख्यतः साठवलेला असतो.

६/
असे का होते? कांदा हे द्विवर्षायू पीक आहे. पहिल्या हंगामात तो गड्डा धरतो, दुसऱ्या हंगामात त्याच गड्ड्यातून फुलोरा येतो आणि बी धरते. मधल्या काळात गड्डा निद्रावस्थेत असतो. म्हणजे साठवण ही आपण कांद्यावर लादलेली गोष्ट नव्हे, ती त्याच्या जीवनक्रमातच आहे. ही झोप कोणत्या वाणाची किती खोल, एवढाच फरक. झोप मोडली की कोंब येतो आणि कोंब आला की गड्डा पोकळ होत जातो.

७/
दुसरे कारण मानेचे. रब्बीचा कांदा तयार होतो तेव्हा ऊन वाढलेले असते. पात आपोआप पिवळी पडते आणि मान मोडून आडवी होते. शेतकरी याला ‘मान पडणे’ म्हणतात. मान पडली की ती सुकून बारीक होते आणि गड्ड्याचे तोंड मिटते. खरिपाच्या कांद्याची मान धड पडत नाही, पात हिरवीच राहते आणि जाड मान ओली असतानाच कापावी लागते. त्या उघड्या तोंडातून बुरशी आत शिरते. आजी प्रत्येक कांद्याची मान अंगठ्याने दाबून पाही, ती यासाठी.

८/
तिच्या कसोट्या आज लिहून काढताना मला एखादा संशोधन-अहवाल वाचल्यासारखे वाटते. मान बारीक आणि कोरडी हवी. वरचे पापुद्रे दोन-तीन पदरी हवेत आणि हातात कुरकुरले पाहिजेत. आकार मध्यम हवा. जोड कांदा नको. डेंगळा, म्हणजे मधूनच फुलाचा दांडा आलेला कांदा, मुळीच नको. तो दांडा आतून कुजतो. गोणीच्या तळाशी नाक नेऊन वास घ्यायचा. एक सडका कांदा दिसण्याआधी त्याचा वास येतो.

९/
आता या धाग्यातला मुख्य मुद्दा. गरव्या कांद्याला हा टिकाऊपणा आला कोठून? कृषी विद्यापीठे नव्हती, संशोधन केंद्रे नव्हती, तेव्हाही शेतकऱ्यांकडे टिकणारा कांदा होता. तो कोणी ‘तयार’ केला? याचे उत्तर बियाण्याच्या पद्धतीत दडलेले आहे. कांद्याचे बी साध्या साठवणीत जेमतेम वर्षभर उगवणक्षम राहते. म्हणून ज्वारीसारखे ते दोन-चार वर्षांसाठी ठेवून देता येत नाही. दरवर्षी नवे बी धरावेच लागते.

१०/
हे बी धरायचे कसे? एप्रिल-मेमध्ये निघालेल्या रब्बी कांद्यातून निवडक गड्डे बाजूला काढायचे, पावसाळाभर सांभाळायचे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा जमिनीत लावायचे. हिवाळ्यात त्यांना फुलांचे गोंडे येतात, त्यातून बी मिळते. आता नीट पाहा : ऑक्टोबरमध्ये लावायला शेतकऱ्याच्या हाती कोणते गड्डे उरतील? जे जुलैत सडले नाहीत आणि ऑगस्टमध्ये कोंबारले नाहीत, तेच.

११/
म्हणजे दरवर्षी पावसाळा हाच परीक्षक असे. जो कांदा ५ महिने टिकला, त्यालाच संतती झाली; जो टिकला नाही, त्याचा वंश तिथेच संपला. अशी परीक्षा शेकडो शेतांत, पिढ्यान् पिढ्या, न चुकता झाली. शेतकऱ्याने आधी वाण निवडले आणि मग साठवले, असा क्रम नाही. साठवणीनेच वाण निवडले. पोळ कांद्याच्या वाट्याला ही परीक्षा आली नाही. तो हिवाळ्याच्या तोंडाशी निघे आणि त्याचे बेणे फार न थांबता लावता येई. पाच महिने झोपून राहण्याचा कस त्याच्यावर कधी लागलाच नाही.

१२/
विसाव्या शतकात हे लोकज्ञान शास्त्राच्या वहीत आले. निफाड-पिंपळगाव बसवंत परिसरातील संशोधन केंद्रांत स्थानिक कांद्यांतून निवड करून वाण स्थिर केले गेले. त्यांतले दोन तुम्ही शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकले असतील. खरिपासाठी ‘एन-५३’ : गडद लाल, चपटासा, साठवणीला कच्चा. रब्बीसाठी ‘एन-२-४-१’ : फिकट विटकरी, गोलसर, ५-६ महिने टिकणारा. हळवा आणि गरवा यांनाच आता क्रमांक मिळाले होते.

१३/
पुढे याच वाटेने आणखी नावे आली. पिंपळगावचा ‘बसवंत-७८०’, नाशिकच्या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचा ‘ॲग्रीफाउंड लाइट रेड’, राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे ‘भीमा किरण’ आणि ‘भीमा शक्ती’. यांतला बसवंत-७८० खरिपाचा. बाकीचे रब्बीत चालतात आणि त्यांच्या गुणवर्णनात ‘साठवणक्षमता’ हा रकाना ठळकपणे येतो. बारीक मान, घट्ट पापुद्रा, जोड व डेंगळ्यांचे कमी प्रमाण या तिथल्या कसोट्या आजीच्या अंगठ्याला आधीच ठाऊक होत्या.

१४/
नुसते वाण चांगले असून भागत नाही, त्याला घरही लागते. कांदा दोनच हवामानांत सुखी असतो : एक तर ०-२ अंश सेल्सिअसच्या शीतगृहात, नाही तर २५-३० अंशांच्या कोरड्या उबेत, जिथे हवेतील आर्द्रता ६५-७० टक्के असते. मधल्या थंडाव्यात त्याला कोंब फुटतात. कांदाचाळ ही दुसऱ्या पर्यायाची वास्तू आहे. जमिनीपासून उचललेला तळ, बांबूच्या किंवा फळ्यांच्या फटी ठेवलेल्या भिंती, वर पाचट, कौले किंवा पत्रा, आणि वारा आरपार जावा इतकीच रुंदी. कांद्याचा थरही ४-५ फुटांहून उंच रचत नाहीत. वरच्या ओझ्याने तळचा कांदा दबतो आणि सडतो.

१५/
आता गिरणगावाकडे वळू. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. तिच्यातील एक आकडा पुढे वारंवार उद्धृत झाला : ९७ टक्के कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. अशा खोलीत गोणभर कांदा ठेवायचा कुठे? त्याच दशकात कुलाब्याचा कापूसबाजार शिवडीकडे हलला आणि आज ज्याला आपण कॉटन ग्रीन म्हणतो तिथे बंदराची कापूस-गोदामे उभी राहिली. काळाचौकीच्या एका अंगाला कापसासाठी विस्तीर्ण गोदामे आणि दुसऱ्या अंगाला कांद्यासाठी खोलीतला माळा.

१६/
या दोन्ही साठवणींचे तत्त्व एकच आहे. ज्याच्यापाशी माल ठेवायला जागा आहे, तो थांबू शकतो. जो थांबू शकतो, त्याला भाव मिळतो. कापसाचा व्यापारी बाजार चढेपर्यंत थांबे. मे महिन्यात गोण घेऊ शकणारे कुटुंब श्रावणातली महागाई टाळू शके. ज्याच्यापाशी एकरकमी पैसे नसत, तो वाण्याच्या खात्यावर शेर-अर्धा शेर घेई आणि तोच कांदा चढ्या भावाने खाई. गरिबाला वस्तू महाग का पडते, याचे हे एक साधे उत्तर आहे.

१७/
आजीची गोण माळ्यावर जाई. चुलीच्या, पुढे स्टोव्हच्या नेमकी वर. मुंबईच्या जुलैत हवेला पाणी सुटलेले असते, तिथे कोरडी ऊब मिळणारी घरातली ही एकच जागा. कांदे गोणपाटावर एकेरी थरात पसरलेले असत. दर आठवड्याला शिडी लावून ते निवडायचे, काजळी धरलेले आधी संपवायचे. कोंबारलेल्या कांद्याची भाजी हा आमच्या घरी ऑगस्टमधला ठरलेला पदार्थ होता. निफाडच्या चाळीचे तत्त्व काळाचौकीच्या चाळीत असे चार फुटांच्या माळ्यावर नांदत होते.

१८/
शेजारचे बिऱ्हाड अलिबागकडचे. त्यांच्याकडे कांदा गोणीतून येत नसे, वेणीतून येई. कार्ले-खंडाळे भागात भात निघाल्यावर पांढरा कांदा लावतात, काढणीनंतर पात न कापता सुकवतात आणि पातीचीच वेणी गुंफतात. रेवसहून भाऊच्या धक्क्यावर येणाऱ्या बोटीतून अशा वेण्या येत आणि खोलीच्या वाशाला टांगल्या जात. टांगलेल्या कांद्याला चहूबाजूंनी वारा मिळतो, एकमेकांचे ओझे लागत नाही आणि जमीनही अडत नाही. एका खोलीच्या संसाराला याहून शहाणी साठवण सुचणे कठीण.

१९/
कांद्याच्या टिकण्यावर सर्वांत अधिक विसंबून असत त्या खाणावळी चालवणाऱ्या बायका. गावी कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांना त्या महिन्याच्या ठरावीक दरात जेवू घालत. दर ठरलेला, पण कांद्याचा भाव ठरलेला नाही. श्रावणात तो चढला की तूट त्यांच्या मजुरीतून जाई. त्यात किराणा उधारीवर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट खुली केली. हंगामात रोखीने माल भरता येणे याचा अर्थ, मागच्या मुद्द्यांनंतर, वेगळा सांगायला नको.

२०/
इथवर हा इतिहास खाणाऱ्याच्या बाजूने झाला. पिकवणाऱ्याची बाजू याच घरात होती. आजोबांचे थोरले बंधू गावी शेती करत आणि रब्बीला कांदा लावत. घरात सांगतात, की एकदा आजोबांनी खुशालीच्या पत्रात ‘यंदा कांदा स्वस्त आहे, बरे झाले’ असे लिहिले. उलटटपाली थोरल्या आजोबांचे एकच वाक्य आले : ‘तो कांदा कोणाचा आहे, हे लिहायचे राहिले.’ गिरणगावातल्या असंख्य घरांत ही फाळणी होती. एक भाऊ स्वस्त कांद्याची वाट पाहणारा, दुसरा त्याच कांद्याला भाव मिळण्याची.

२१/
हीच फाळणी सार्वजनिक इतिहासातही दिसते. जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत महागलेला कांदा प्रचाराचा विषय झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे रोखली. त्याआधी चाकणला कांद्याचेच आंदोलन झाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि अनेक कामगार गावच्या शेताच्या आधाराला परतले. शेत आणि गिरणी यांच्यामधले अंतर त्या वेळी फार उरले नव्हते.

२२/
कांद्याचा भाव नेमका केव्हा भडकतो? बहुतेकदा सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, म्हणजे उन्हाळ कांदा चाळीत संपत आलेला असतो आणि पोळ अजून बाजारात आलेला नसतो तेव्हा. त्या सांध्यात अवकाळी पाऊस झाला की पोळ शेतातच सडतो. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्ली आणि राजस्थानची निवडणूक कांद्याने गाजली, ती याच सांध्यावर. गरवा कांदा आणखी एक महिना टिकणे किंवा न टिकणे, एवढ्याने सरकारे अस्वस्थ होतात.

२३/
हा सांधा विज्ञानाने भरून काढण्याचा एक प्रयत्न आपल्या खाडीपलीकडचा. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये लासलगावला ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. गॅमा किरणांच्या अल्प मात्रेने कांद्याचा कोंब थांबतो. पण किरण कोंब थांबवतात, सड थांबवत नाहीत. कच्च्या मानेचा, नीट न सुकवलेला कांदा विकिरणानंतरही सडतो. २००७ मध्ये याच केंद्रातून प्रक्रिया होऊन हापूस आंबा अमेरिकेला गेला आणि कांद्यासाठी उभारलेले केंद्र आंब्यामुळे अधिक गाजले. वाण आणि मान यांना पर्याय अजून सापडलेला नाही.

२४/
आणि आज? साध्या साठवणीत ४-५ महिन्यांत वजनघट, सड आणि कोंब मिळून निम्म्यापर्यंत माल जाऊ शकतो. शेतकऱ्यापुढे हिशोब असा : लवकर येणारे, भरघोस उत्पन्नाचे, गडद रंगाचे वाण लावून लगेच विकायचे, की गरवा लावून थांबायचे? थांबण्यात सडण्याचा धोका आहे आणि धोरणाचाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. चाळीत टिकलेला कांदा एका अधिसूचनेने स्वस्त होणार असेल, तर टिकाऊ वाण निवडण्याचे कारणच क्षीण होते.

२५/
त्यात बी विकतचे झाले. सोय मोठी आहे, उगवणही बरी. पण ज्या घरात गड्डे पावसाळाभर सांभाळून ऑक्टोबरात लावले जात नाहीत, त्या घरातली पावसाळ्याची परीक्षा बंद होते. ती परीक्षा आता संशोधन केंद्रांनी आणि बियाणे तयार करणाऱ्यांनी घ्यायची. त्यांनी ती मनापासून घेतली तर ठीक. रंग आणि उत्पन्नाच्या मागे लागून एक-दोन पिढ्या ती चुकली, तर पिढ्यान् पिढ्या साचलेली झोप वाणातून विरळ होईल, आणि ते आपल्याला कळेल ते एखाद्या ऑगस्टमध्येच.

२६/
काळाचौकीच्या चाळींच्या जागी आता उंच इमारती येत आहेत. नव्या घरात माळा नाही. कांदा किलोने येतो, तोही दारात. आजी गेली त्याला काही वर्षे झाली. गेल्या मे महिन्यात मी पहिल्यांदा स्वतः गोण आणली. दुकानदाराला विचारले, “हळवा की गरवा?” तो तरुण होता, त्याला शब्द कळला नाही. पण मागे बसलेल्या त्याच्या वडिलांनी मान वर केली, उठून आतली दुसरी गोण काढली आणि म्हणाले, “ही घे. ही दसऱ्यापर्यंत जाईल.” माझी गोण नवरात्राआधीच संपली, पण सडून नव्हे, खाऊन.

२७/
धागा इथे संपतो, काम नाही. तुमच्या घरी आजी, मावशी, आत्या, काका यांना विचारा : बेगमीचा कांदा कसा निवडत? कुठे ठेवत? त्याला काय म्हणत? हळवा-गरवा, पोळ-रांगडा-उन्हाळ यांखेरीज तुमच्या भागात आणखी कोणते शब्द आहेत? तालुक्याचे नाव घालून खाली लिहा. असे शब्द दप्तरखान्यात सापडत नाहीत, आणि ते जाणणारी माणसे अजून आपल्यात आहेत.